वाचनालयाचा शोध वाचकाच्या किती कामाचा आहे, हे तपासायचं कसं

जुलैच्या पावसात दुपारी आमच्या गोव्यातल्या वाचनालयात चिटपाखरू नसतं. अशाच एका दुपारी एक निवृत्त मास्तर छत्री दाराशी ठेवून आत आले. नव्या संगणकापाशी दहा मिनिटं बसले आणि उठून देवघेवीच्या टेबलापाशी आले. “बाय, हांगा कांयच मेळना,” म्हणाले, म्हणजे इथे काहीच मिळत नाही. मी पडदा बघितला, तर शंभराहून जास्त निकाल दिसत होते. म्हटलं, “मास्तर, एवढे तर आलेत की!” तर म्हणाले, “त्या गावातल्या लोकांच्या कथा-कादंबऱ्या. मला गावकरीवरचं हवं होतं, आमच्या जमिनीची जुनी व्यवस्था.”

त्यांनी शोधपेटीत ‘गावकरी’ असंच लिहिलं होतं. यंत्राच्या हिशेबी काम चोख झालं होतं, कारण तो शब्द असलेल्या सगळ्या नोंदी समोर आल्या होत्या. मास्तरांच्या हिशेबी शून्य. मी उठून कपाटापाशी गेले आणि पाच मिनिटांत तीन पुस्तकं काढून दिली. एकावर ‘कोमुनिदाद’ होतं, एकावर ‘ग्रामसंस्था’ आणि तिसरं जुनं, त्यावर ‘गांवकरी’ असं अनुस्वारासह.

त्या दिवशी मास्तर बोलले म्हणून कळलं. न बोलता छत्री उचलून गेलेले किती असतील? शोधाची तक्रार येत नाही याचा अर्थ शोध बरा चाललाय असा होत नाही. जे सापडलं नाही ते कपाटात होतं, हे वाचकाला कळायला मार्गच नसतो. म्हणून ही तपासणी आपणच, मुद्दाम बसून करावी लागते. आम्ही ती कशी केली ते इथे लिहिते आहे. तुमच्याकडे वाचनालयाचा कॅटलॉग असो, संस्थेचं दस्तऐवजांचं भांडार असो की वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा संग्रह, पद्धत तीच.

आधी प्रश्नांची वही

पहिली चूक सगळे इथेच करतात, आम्हीही केली. चार कर्मचारी बसून ‘वाचक काय शोधत असतील’ याची यादी केली. त्या यादीतला एकेक शब्द आमच्याच विषयशीर्षकांतला होता. अर्थातच यंत्र पहिल्या नंबरानं पास! परीक्षकानंच पेपर फोडल्यासारखं झालं.

ती यादी फाडून टाका. देवघेवीच्या टेबलावर एक शंभरपानी वही ठेवा आणि महिनाभर वाचक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. शुद्धलेखन सुधारू नका. कोकणीत विचारलं तर कोकणीत, अर्धं इंग्रजीत विचारलं तर तसंच लिहा. आमच्याकडे एकच माणूस बोलतो कोकणीत, वाचतो मराठीत आणि मोबाइलवर टंकतो इंग्रजी अक्षरांत. तीनही रूपं वहीत यायला हवीत. संगणकात शोधांची नोंद ठेवली जात असेल तर तीही काढून घ्या, मात्र सभासद क्रमांक आधी पुसा. कुणी काय वाचायला मागितलं हे चव्हाट्यावर आणायचं नाही.

वहीतून पन्नासेक प्रश्न निवडा. हा आकडा हवेतून आणलेला नाही. अमेरिकेत १९९२ पासून चालणाऱ्या ‘ट्रेक’ या शोधयंत्रणांच्या परीक्षेत बहुतेक वेळा पन्नासच प्रश्नांचा संच असतो. निवडताना सगळे सोपे घेऊ नका. एका लेखकाचं एक पुस्तक मागणारे काही, एखाद्या विषयावरचं ‘जे असेल ते’ मागणारे काही, आणि ‘ते निळ्या मुखपृष्ठाचं, देवळांवरचं’ असले दोनतीन तरी हवेत.

प्रत्येक प्रश्नाखाली आणखी दोन ओळी लिहा: वाचकाला नेमकं काय हवं होतं, आणि कशाला उत्तर मानायचं, कशाला नाही. मास्तरांच्या प्रश्नाखाली आम्ही लिहिलं: ‘गावची सामाईक जमीन सांभाळणारी गोव्यातली जुनी व्यवस्था, पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद हे नाव पडलं. १५२६ च्या फोरालवरचं (गावांच्या रीतिरिवाजांच्या पोर्तुगीज सनदेवरचं) लिखाण चालेल, १९६१ च्या कोमुनिदाद संहितेवरचंही चालेल. ग्रामीण कथा-कादंबऱ्या नकोत. आजच्या ग्रामपंचायतीवरचं नको.’ या दोन ओळींचा कंटाळा केलात, तर पुढे उत्तर बरोबर की चूक यावर भांडणं होतील आणि ती मिटवायला वाचक हजर नसेल.

उत्तरपत्रिका: कपाटापाशी उभं राहून

प्रश्नाचं बरोबर उत्तर म्हणजे आपल्या संग्रहातली कोणती पुस्तकं, हे यंत्राला विचारून ठरवता येत नाही. ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच उत्तरपत्रिका कोण लिहायला लावतो?

या कामाची रीत घालून दिली ती सिरिल क्लेव्हरडन यांनी. आपल्याच धंद्यातला माणूस, इंग्लंडमधल्या क्रॅनफील्ड इथल्या विमानविद्या महाविद्यालयाचा ग्रंथपाल. १९६० च्या दशकात त्यांनी १,४०० लेख घेतले, संशोधकांकडून खरे प्रश्न मागवले, आणि कोणत्या प्रश्नाला कोणता लेख लागू हे माणसांकडून ठरवून घेतलं. मग वेगवेगळ्या सूची-पद्धती त्या एकाच कसोटीवर घासून बघितल्या. तो संच आजही २२५ प्रश्नांसह अभ्यासाला वापरतात.

आपल्याकडे वीस-पंचवीस हजार पुस्तकं असतील तर प्रत्येक प्रश्नासाठी सगळी चाळणं शक्य नाही. तेव्हा ‘डबकं’ करा. एकच प्रश्न पाच-सहा तऱ्हांनी शोधा: वाचकाच्या शब्दांत, जुन्या लेखनात, पर्यायी शब्दांत, लेखकाच्या नावानं, वर्गांकानं (पुस्तकाच्या विषयाच्या क्रमांकानं). प्रत्येक शोधातली पहिली वीस नावं एका यादीत ओता. मग, हे विसरू नका, त्या वर्गांकाच्या कपाटापाशी जाऊन उभे राहा आणि हातानं बघा. शेवटी सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला विचारा. आमच्याकडच्या शिपाई काकांना कोणत्या कपाटात वरच्या फळीवर काय आहे ते पाठ आहे. त्यांनी सांगितलेली दोन पुस्तकं कुठल्याही शोधात आली नव्हती.

यादीतल्या प्रत्येक पुस्तकाला शून्य, एक किंवा दोन गुण द्या. दोन म्हणजे ‘हेच हवं होतं’, एक म्हणजे ‘थोडा उपयोग होईल’. हे काम दोघांनी वेगवेगळं, एकमेकांचं न बघता करायचं. मग तुलना. समजा शंभर पुस्तकांपैकी तीस दोघांनीही लागू ठरवली, पन्नास दोघांनीही नाकारली आणि वीसवर मतभेद झाला, दोन्ही बाजूंनी दहा-दहा. एकमत ८० टक्के, म्हणजे छानच वाटतं. पण दोघंही चाळीस टक्के वेळा ‘हो’ म्हणतात, तेव्हा डोळे मिटून शिक्के मारले असते तरी ५२ टक्के एकमत आपोआप झालं असतं. उरलेल्या ४८ पैकी खरी कमाई २८ ची. भागाकार ०.५८. या आकड्याला ‘कॅपा’ (kappa) म्हणतात. ०.६ च्या आसपास असेल तर पुढे जा, ०.४ च्या खाली आला तर प्रश्नाखालच्या त्या दोन ओळी पुन्हा लिहा.

मतभेद झाले म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. ‘ट्रेक’च्या संचांवर एलेन व्हूर्हीस यांनी दाखवून दिलंय की परीक्षक बदलले की एकेकाचे गुण हलतात, पण कोणती यंत्रणा सरस हा क्रम बहुतेक तसाच राहतो.

आता गुण मांडा

प्रत्येक प्रश्न वाचकाच्या मूळ शब्दांत शोधा आणि पहिले दहा निकाल उतरवा. दहाच का? पडद्यावर खाली सरकवून दुसऱ्या पानावर जाणारा वाचक मी फार क्वचित पाहिला आहे.

‘गावकरी’चा हिशेब जवळून बघू. उत्तरपत्रिकेप्रमाणे संग्रहात लागू पुस्तकं आठ: तीन दोन-गुणी, पाच एक-गुणी. पहिल्या दहांत आली दोनच, चौथ्या जागी एक दोन-गुणी आणि नवव्या जागी एक एक-गुणी.

नेमकेपणा, म्हणजे प्रिसिजन: दहांपैकी दोन, २० टक्के. व्याप्ती, म्हणजे रिकॉल: आठांपैकी दोन, २५ टक्के. पहिलं कामाचं पुस्तक चौथ्या जागी, म्हणून एक भागिले चार, ०.२५. पन्नास प्रश्नांवर या शेवटच्या आकड्याची सरासरी काढली की ‘एमआरआर’ मिळतो. ठरावीक एकच पुस्तक मागणाऱ्या प्रश्नांना तो उत्तम. ‘जे असेल ते द्या’ म्हणणाऱ्या अभ्यासकाला तो काहीच सांगत नाही.

चौथा आकडा जरा किचकट आहे, पण मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो: ‘एनडीसीजी’. कल्पना साधी आहे. जागा जितकी खाली तितकी गुणांची किंमत कमी. पहिल्या जागी पूर्ण, तिसऱ्या जागी निम्मी, सातव्या जागी एक तृतीयांश. गणित असं: जागेच्या क्रमांकात एक मिळवा, त्याचा दोनच्या पायाचा लॉग घ्या आणि त्यानं गुणांना भागा. आपल्या उदाहरणात चौथ्या जागेचे ०.८६ आणि नवव्या जागेचे ०.३०, बेरीज १.१६. आठही पुस्तकं आदर्श क्रमानं वर आली असती तर बेरीज ६.०८ झाली असती. भागाकार ०.१९. शंभरात एकोणीस, नापासच! स्प्रेडशीटमध्ये सूत्र एकदा बसवलं की पन्नास प्रश्नांना तेच चालतं.

सरासरी काढाल, पण तिच्यावर विसंबू नका. पन्नास प्रश्नांची सरासरी ०.५५ आली म्हणून अध्यक्ष खूश होतील. त्याच यादीत बारा प्रश्न शून्यावर असतील तर ती बारा माणसं रिकाम्या हातानं गेलेली असतात. आम्ही सरासरीच्या आधी शून्यवाल्यांचा कागद वाचतो.

शून्य का आलं?

सगळा मसाला इथे आहे. तपासणीचा निम्मा वेळ इथेच द्या. मराठीत, त्यातून गोव्यातल्या मराठीत, शोध कुठे अडतो याचे नेहमीचे अड्डे आहेत.

पहिला अड्डा जुनं लेखन. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. त्याआधीच्या पुस्तकांची शीर्षकं मुखपृष्ठाप्रमाणे उतरवलेली असतात: गांव, नांव, कांहीं. आजचा वाचक ‘गाव’ लिहितो आणि निम्मा जुना संग्रह त्याच्यापुरता नाहीसा होतो.

दुसरा, गावांची नावं. मडगाव-मडगांव, साखळी-सांखळी, बार्देश-बारदेश-बार्देस, सासष्टी-साष्टी, म्हापसा-म्हापसें. डिचोलीला कोकणीत दिवचल म्हणतात, ते तर अक्षरांच्या मेळानं सापडणारच नाही. शिवाय सरकारी कागदांवर पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं. आपल्या तालुक्यातल्या गावांची पर्यायी नावं एका तक्त्यात भरून यंत्राला समानार्थी म्हणून द्या. आमच्याकडे दोघांना दोन दुपार लागल्या, आणि गुण सगळ्यांत जास्त वाढले ते यानंच.

तिसरा अड्डा डोळ्यांना दिसतच नाही. ‘किनाऱ्यावर’मधलं ऱ्य संगणकात दोन-तीन तऱ्हांनी साठवता येतं. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, कुणी साध्या र पुढे अदृश्य जोडचिन्ह घालतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. ‘ॲडव्होकेट’मधल्या ॲ चीही तीच गत. दोन कळफलकांवर एकच शब्द टंकून शोधा. निकालांची संख्या वेगळी आली की समजा, अनुक्रमणिका करताना अक्षरांचं एकरूपीकरण होत नाही. कोहा ही वाचनालयाची संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी, तिच्यात झेब्रा हे शोधइंजिन असेल तर, देवनागरीसाठी ‘आयसीयू’ ही युनिकोड अक्षरं हाताळणारी मांडणी लावली आहे ना हे आधी बघावं. जुन्या फॉन्टांत टंकलेल्या नोंदी युनिकोडमध्ये न बदलता आयात झाल्या असतील तर त्या शोधाच्या दृष्टीनं मेल्यातच जमा. आमच्याकडे अशा पाचेकशे निघाल्या. ज्यांनी आयात करून दिली त्यांनी ‘सगळं झालं’ म्हणून पावती केली होती, आणि आम्हीही न बघता सही केली होती.

चौथा, सामान्यरूप. देऊळ-देवळांची, गोवा-गोव्याचा, मासा-माशांचे. वाचक ‘देऊळ’ लिहितो, शीर्षकात ‘देवळांचा’ असतं. शेवटची अक्षरं छाटून हे सुटत नाही, कारण शब्दाचं पोटच बदललेलं असतं. सगळ्यांसाठी नियम बसवण्यापेक्षा आपल्या वहीत वारंवार येणाऱ्या दोनेकशे शब्दांची रूपं हातानं भरलेली बरी. या प्रश्नावर मोठं काम ‘फायर’ परिषदेच्या निमित्तानं झालं. भारतीय भाषांच्या शोधाची ही परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हा बंगाली आणि हिंदीबरोबर मराठी होतीच. डिसेंबर २०२३ मध्ये ही परिषद पणजीतच भरली होती.

पाचव्याला इलाज तंत्राचा नाही. नोंदच दरिद्री असते. शीर्षक, लेखक, किंमत, दाखल क्रमांक, संपलं. विषय लिहिलेलाच नाही. धर्मानंद कोसंबींचं हवं की दामोदर कोसंबींचं, हे नोंदीत आडनावापुढे नुसती आद्याक्षरं असतील तर वाचकानं कसं ओळखायचं? त्यात ‘कोसांबी’ लिहिणारेही निम्मे. विषय भरायला माणूसच बसवावा लागतो.

प्रत्येक शून्यवाल्या प्रश्नापुढे यांतलं कारण लिहा. कोणत्या कारणाचे शिक्के जास्त पडले ते मोजा आणि दुरुस्ती तिथून सुरू करा.

माणूस बसवून बघा

पन्नास प्रश्नांचे गुण म्हणजे यंत्राची परीक्षा झाली, वाचकाची राहिली. सहा-सात जणांना बोलवा: एक कॉलेजची मुलगी, एक दशावतारी मंडळाचं टिपण करणारा, एक दोन ज्येष्ठ, एक नुकता सभासद झालेला. प्रत्येकाला चार कामं द्या, आणि मागे बसून गप्प राहा. गप्प राहणं फार जड जातं. तरी मदत करायची नाही, ‘इथे दाबा’ म्हणायचं नाही. फक्त लिहायचं: पहिल्यांदा काय टंकलं, कितव्यांदा शब्द बदलला, किती मिनिटं लागली, हाती काय आलं, कुठे सोडून दिलं.

शेवटी समाधान विचारा, पण जपून. १९८५ मध्ये ब्लेअर आणि मेरन या दोघांनी अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांवर असाच प्रयोग छापला. सुमारे ४०,००० दस्तऐवज होते. वकिलांची खात्री की लागणाऱ्यांपैकी ७५ टक्के तरी आपल्या हाती आलेत. मोजलं तर जेमतेम २० टक्के निघाले. शोध सोपा, निकाल झटपट, मनही समाधानी, आणि पाचातले चार कागद अंधारात. म्हणून आमच्या तक्त्यात ‘तुम्हाला काय वाटलं’ आणि ‘हाती काय आलं’ हे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात ‘छान’ आणि दुसऱ्यात शून्य असलेल्या माणसाशी मी मुद्दाम चहा घेत बोलते. सगळ्यांत जास्त तिथेच कळतं.

संगणकातल्या नोंदींतूनही काही वाचता येतं: शून्य निकालाचे शोध किती, एकाच माणसानं मिनिटभरात शब्द किती वेळा बदलला. पण ‘निकालावर टिचकी मारली नाही म्हणजे अपयश’ असं धरू नका. पडद्यावर वर्गांक बघून सरळ कपाटाकडे जाणारे आमच्याकडे बरेच आहेत. त्यांना टिचकीची गरजच पडत नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा तीच परीक्षा

दुरुस्ती सुरू करण्याआधीच पन्नासांतले पंधरा प्रश्न वेगळे काढून पाकिटात घाला. पस्तीस बघून दुरुस्ती करा, पाकीट फोडायचं शेवटी. नाहीतर होतं काय, आपण नेमक्या त्याच पन्नास शब्दांची सोय करून ठेवतो आणि एकावन्नावा वाचक होता तिथेच राहतो.

आधीचे आणि नंतरचे गुण प्रश्नागणिक शेजारी मांडा. किती वाढले, किती घसरले, किती जागच्या जागी. समजा वीस प्रश्नांत फरक पडला आणि बारा वाढले, आठ घसरले. फुशारकी नको. वीसदा नाणं उडवलं तरी बारा किंवा जास्त छापे चारातल्या एका वेळी पडतात. वीसपैकी पंधरा वाढले तर गोष्ट वेगळी. नुसत्या नशिबानं तसं होणं शंभरात दोनदा. आणि घसरलेले पाच जरूर उघडून बघा. आम्ही ‘साखळी’ला ‘सांखळी’ जोडलं तेव्हा गावावरच्या पुस्तकांत दागिन्यांवरची आणि रसायनशास्त्रातली साखळीही घुसून बसली.

वेळेचा अंदाज हवा असेल तर: वही एक महिना, उत्तरपत्रिका दोघांना रोज तासभर धरून तीन आठवडे, गुण मांडायला दोन दिवस, माणसं बसवून बघायला एक आठवडा. चवथीच्या आसपास ठेवू नका, त्या दिवसांत देवघेव थंड असते आणि वहीत येतात ते फक्त आरत्यांचे प्रश्न. पुढच्या वर्षी तीच वही पुन्हा उघडा, निम्मे प्रश्न नवे घाला.

‘गावकरी’ आता पहिल्या दहांत सहा पुस्तकं दाखवतो. उरलेली दोन म्हणजे शिपाई काकांनी सांगितलेली. त्यांची नोंदच संगणकात नव्हती. पोर्तुगीज काळातल्या गठ्ठ्यात सुतळीनं बांधून ती वरच्या फळीवर आहेत, आणि सध्या शिडी सुताराकडे आहे.